लेसरला लावलेलं कुंकू

खंडेनवमीला आमच्या कार्यशाळेत सगळ्या यंत्रांची पूजा होते. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचा संच, भिंतीवर टांगलेल्या करवती आणि कानशी, सगळ्यांना झेंडूची माळ आणि हळदीकुंकवाचं बोट. विद्यापीठाचं शहाद्याकडे जे केंद्र आहे, तिथे मी कार्यशाळेचा निदेशक. पगार शिकवण्याचा, पण पूजेचा मान न मागता माझ्याकडे आलेला. लेथ आणि ड्रिल ही मंडळी धट्टीकट्टी. त्यांना कुठेही कुंकू लावा, तेलात मिसळून जातं, त्यांना पत्ताही लागत नाही.

गेल्या वर्षी मात्र पंगतीत एक नवी पाहुणी होती. लेसर कटर. तिचा हा पहिलाच दसरा, म्हणून पहिल्या दिवाळसणाच्या जावयाचं व्हावं तेवढं कौतुक मी तिचं केलं. पूजेचं ताट माझ्या बायकोने, सुनंदाने, घरून लावून दिलं होतं. कुंकवाची डबी काठोकाठ भरलेली. झाकणाला लावलं, टेबलाला लावलं, मोटरला, पाणी थंड करणाऱ्या पेटीला, धूर ओढणाऱ्या पंख्याला लावलं. एवढ्यावर थांबलो असतो तर आज लिहायला काही उरलं नसतं. पण मला वाटलं, हा सगळा मंडप झाला, देव राहिला की! देव मागच्या बाजूला असतो. तिथे काचेची एक लांब नळी असते आणि तिच्यात तो उजेड जन्माला येतो. मागचं झाकण काढलं. आत हात जेमतेम जातो. अंगठा ओल्या कुंकवात बुडवला, अंदाजाने आत घातला, काहीतरी गोल लागलं, त्यावर टेकवला आणि मनोभावे डोळे मिटले.

डोळे उघडे ठेवायला हवे होते.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डोळ्यांना न दिसणारा एक उजेड नळीतून निघतो. तीन छोटे आरसे त्याला तीनदा वळवतात आणि शेवटी एक भिंग त्याला सुईच्या टोकाएवढा करतं. ते टोक जिथे पडेल तिथे लाकूड, पुठ्ठा, ॲक्रिलिक, कापड जळून फट पडते. संगणकावर जे चित्र काढाल त्यावरून ते टोक मुकाट चालतं. दिसायला जादू, करायला मात्र दूध तापवण्यासारखं काम. समोरून हललात की पेटलं. म्हणून नियम असा की यंत्र चालू असेपर्यंत माणसाने तिथून उठायचं नाही. पोरं चहाला जातात आणि मी त्यांच्या दुधाजवळ बसतो.

यंत्र सामायिक. म्हणजे विद्यार्थ्यांचं, प्राध्यापकांचं आणि केंद्राच्या धोरणाप्रमाणे आसपासच्या कारागिरांचं आणि शेतकऱ्यांचंही. भिंतीवर पांढरा फळा आहे, त्यावर ज्याने त्याने आपली वेळ लिहायची. फळ्याचा कारभार निकिताकडे. ही तिसऱ्या वर्षाची मुलगी, धडगावकडच्या डोंगरातली, बोलायला कमी आणि पुसायला तत्पर. कोणी पाच मिनिटं उशिरा आलं की त्याचं नाव पुसून मोकळी. गणपतीच्या आधी तो फळा म्हणजे एसटी स्टँड होतो. मखरं, कमानी, उंदीर. लग्नसराईत पत्रिका. आणि बाराही महिने पातळ पुठ्ठ्याची बदामं, ज्यांच्यावर कोरलेली नावं मी वाचत नाही असं पोरांना वाटतं.

बाहेरची गिऱ्हाइकंही एकेक नमुने. म्हसावदचे जगनभाऊ ट्रॅक्टरचा मडगार्ड खांद्यावर घेऊन आले. त्यावर त्यांना नातवाचं नाव कापून हवं होतं. मी सांगितलं, भाऊ, ही मशीन लोखंड कापत नाही, लोखंडावरून हा उजेड परत फिरतो. जगनभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना पाण्याशिवायची विहीर विकत होतो.

“लोखंड नही कापत, ते मंग लेसर कसानं?”

मी म्हटलं, “लाकूड कापस ना, भाऊ.”

“लाकूड ते मन्हा सुतारबी कापस,” असं म्हणून त्यांनी मडगार्ड पुन्हा खांद्यावर टाकला. नातवाच्या नावाची लाकडी पाटी मात्र मी करून दिली. ती त्यांनी ट्रॅक्टरवर लावली असून ट्रॅक्टर आता लांबून पाळण्यासारखा दिसतो.

दिवाळी आटोपल्यावर एका सकाळी हमीदचाचा आले. शहाद्यातलं जुनं घर, तीन पिढ्यांचा धंदा घोड्याच्या सामानाचा. खोगीर, छातीवरचा पट्टा, शेपटीखालची दुमची, सगळं चामड्याचं. काखेत चामड्याची गुंडाळी, पाठीमागे पोत्यात काहीतरी जड.

“मास्तर, हाई तुमनी मशीन चामडं कापस का?”

“कापस, चाचा. पण आधी ते कोणतं ते पाहावं लागतं.”

हे पाहणं फार महत्त्वाचं. लोक चामडं म्हणून रेक्झिन आणतात. रेक्झिन जळलं की विषारी धूर निघतो, माणसाच्या छातीला आणि यंत्राच्या लोखंडाला दोघांनाही खातो. त्यासाठी आमची साधी परीक्षा आहे. तांब्याची तार तापवायची, नमुन्याला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की माल घरी न्यायचा. चाचांच्या चामड्याला ज्योत पिवळीच राहिली.

“हिरवी कशी व्हई?” चाचा म्हणाले. “म्हैसनं शे. बाभूयनी सालमा कमायेल शे. मन्हा अब्बा हाऊच माल वापरेत.”

मग त्यांनी पोत्यातून एक जुनं खोगीर काढलं, घामाने आणि तेलाने काळंभोर झालेलं. त्याच्या दोन्ही पाळ्यांवर, म्हणजे घोड्याच्या कुशींवर लोंबणाऱ्या भागांवर, एक वेल कापलेली होती. वरच्या चामड्यात आरपार नक्षी आणि खालून लाल मखमल डोकावते. घोडा चालू लागला की ती वेल हलते, असं मला पुढे कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की हे एका पातळ सुरीने आणि न थरथरणाऱ्या हाताने केलेलं काम आहे.

चाचांनी उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं आपली आपण हलत होती.

“टाका थरथरना ते उसवीसन परत घालता येस,” ते म्हणाले. “काप थरथरना ते चामडं गयं. हात नही ऐकी ऱ्हायना, मास्तर.”

सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा महिन्याभरावर आली होती. तापीकाठचे भरतभाई, केळीचे मोठे शेतकरी, दर वर्षी आपला पांढरा घोडा तिथे नेतात आणि त्याच्या पाठीवर हमीदचाचांचं खोगीर असतं. यंदा घोडा नवा, म्हणून खोगीर नवं. भरतभाईंनी निरोप पाठवला होता, चाचा, होत नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी बाहेरच्या व्यापाऱ्याकडून तयार घेतो. यात वाईट काहीच नव्हतं. पण जत्रेत ज्याचं खोगीर दिसत नाही त्याला पुढल्या वर्षी कोणी विचारत नाही, हे चाचांनी न सांगताही मला समजलं. त्यातून असं कमावलेलं चामडं आता सहज मिळत नाही. होतं ते एवढंच, काखेतलं.

मी छाती पुढे काढून म्हणालो, “चाचा, वेल माझ्यावर सोडा.”

जुन्या खोगिराचा फोटो काढला आणि संगणकावर वेल गिरवली. गिरवली म्हणजे काय, एक पान नीट काढलं आणि बाकीची त्याच्यावरून उठवली. उजवी बाजू उलटवली की डावी तयार. तासाभराचं काम. पुठ्ठ्यावर कापून चाचांपुढे धरलं. चाचांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

“हाई येल मरेल शे.”

“मेलेली कशी?”

“बठ्ठा पानं जुळा भाऊ शेतस का?”

मी जुन्या खोगिराकडे पाहिलं. खरंच, एक पान दुसऱ्यासारखं नव्हतं. एक जरा वळलेलं, एक दुसऱ्याच्या मागे लपलेलं. मग मीही माझी बाजू मांडली. पानांच्या मधले धागे चाचांना केसाएवढे बारीक हवे होते. मी म्हटलं, चाचा, उजेडाच्या पात्यालाही जाडी असते, ते दोन्हीकडून खातं, एवढा धागा राहणार नाही, जळेल. “अब्बानी सुरीले जाडी नव्हती,” चाचा म्हणाले. “अब्बानी सुरी माझ्याकडे नाही,” मी म्हणालो. शेवटी असं ठरलं की धागे मी म्हणतो तेवढे, पानं चाचा म्हणतील तशी. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून सांगत आणि मी एकेक पान काढत असे. “आते वाकाड. आते थोडं लाजाड.” संगणकावर पान लाजवायचं कसं, हे आमच्या कोणत्याही अभ्यासक्रमात नाही.

पुठ्ठ्यावर वेल जिवंत झाली तेव्हा फळ्यावर चाचांचं नाव लागलं. निकिताने मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘चाचा, चामडं’.

आधी दुमचीचा पट्टा लावला. लहान काम, हात बसावा म्हणून. यंत्र सुरू झालं, केस जळाल्याचा वास सुटला, वरच्या मजल्यावरून एकाने ओरडून विचारलं, कोणाची शेंडी पेटली? आणि उजेड आपला चामड्यावर नुसती तपकिरी रेघ ओढत निघून गेला. कापलं नाही. मी ताकद वाढवून पुन्हा चालवलं. दुसरी रेघ पहिलीच्या बाजूने केसभर सरकली. आता पट्ट्यावर दोन जळक्या रेघा होत्या आणि भोक एकही नव्हतं.

मी भिंग पुसलं. पाणी पाहिलं. विजेचा दाब कमी असेल म्हणून महावितरणला मनातल्या मनात बोललो. नळी म्हातारी झाली असेल असं म्हणालो, ती वर्षाचीही नव्हती. निकिताच्या प्रकल्पाचं लाकूड लावून पाहिलं, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी वर चढवायचा नमुना ती करत होती. तेही अर्धंच कापलं. नवमीनंतर सगळ्यांनी कागद आणि पातळ पुठ्ठेच कापले होते, त्यामुळे यंत्राची ताकद कधी गेली ते कोणाला कळलंच नव्हतं. कळलं ते चामड्याच्या दिवशी. म्हणजे दोष कोणाचा? चामड्याचा.

“सर, चामड्याचा धूर आत बसला असेल,” निकिता म्हणाली. ती वाईट बोलत नव्हती, तिलाही प्रकल्प द्यायचा होता. मागे उभ्या पोरांनी माना हलवल्या. एकजण म्हणाला, “कॉलेजच्या मशीनवर घोड्याचं सामान कशाला?”

आणि खरं सांगतो, मीही मान हलवली. जोरात नाही, पण हलवली.

चाचा ऐकत होते. त्यांनी दुमचीचा जळका पट्टा उचलला, बोटाने रेघ चाचपली आणि चामडं गुंडाळायला लागले.

“राहू द्या, मास्तर. पोरेसनं काम अटकी ऱ्हायनं. मी लई जास.”

“चाचा, दोन दिवस द्या.”

“दोन दिनमा भरतभाई बाहेरनं लई लेई,” ते म्हणाले, पण चामडं माझ्या कपाटात ठेवून गेले. ते त्यांनी का ठेवलं, हे मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. सुनंदाचं घट मांडणं चाललं होतं आणि मी चहाचा कप धरून, तोंड पाडून बसलो होतो. तिने कुंकवाची डबी उघडली आणि ती तशीच माझ्यापुढे धरली. तळ दिसत होता.

“नवमीले भरीसन दिन्ही व्हती. बठ्ठं कुंकू कोठे गयं?”

“मशीनले लायं.”

“एक मशीनले? लगीन लायं का तिन्हं? कोठे कोठे लायं, सांगा बरं.”

सुनंदाला हिशेब लागतो, मग तो कुंकवाचा का असेना. मी सांगायला लागलो. झाकण, टेबल, मोटर, पाण्याची पेटी, पंखा. “आनि?” ती म्हणाली. आणि मागे, आत, नळी धरून ठेवणाऱ्या चापाला. “चाप कसा व्हता?” गोल, मी म्हणालो. गुळगुळीत. थंडगार.

बोलता बोलता माझा कप बशीत आपटला. नळीचे चाप चौकोनी असतात. आत गोल, गुळगुळीत आणि थंडगार अशी एकच वस्तू आहे. पहिला आरसा.

कार्यशाळेत पोहोचलो तेव्हा चाचा दारातच उभे होते, चामडं न्यायला आलेले. निकिता यंत्रापाशी. मी कोणाशी न बोलता मागचं झाकण काढलं, बॅटरी मारली. आरशाच्या कडेपासून मध्यापर्यंत करपलेला तपकिरी ढग, आणि कडेला अजून लालभडक माझ्या अंगठ्याचा ठसा, रेघांसकट. पोलिसांनाही इतका स्वच्छ मिळत नाही. स्पिरिटमध्ये कापूस भिजवून पुसला, तो लाल झाला. तो कापूस वर धरून मी म्हणालो, “चामडं नाही. नवमी.”

निकिताने कापसाचा वास घेतला. “सर, हे कुंकू आहे.”

“हो.”

“आरशाला?”

“हो ना, बाई.”

ती हसली नाही, हे तिचे उपकार. चाचा मात्र भिंतीला टेकून असे हसले की त्यांचे दोन्ही हात थरथरले.

“मास्तर, मशीनले मन्हं चामडं नही बाधनं. तुमनी पूजा बाधनी!”

निकिता फळ्याकडे गेली, ‘चाचा, चामडं’ पुन्हा लिहिलं आणि त्याच्याखालचं आपलं स्वतःचं नाव पुसून एक ओळ खाली सरकवलं.  मग माझ्या कपाटातून त्यांची गुंडाळी काढून टेबलावर पसरली.

आरशावर एक बारीक डाग कायमचा राहिला होता. पण आरसा गोल असतो, चौकटीत फिरवून बसवता येतो. तो अर्धा फिरवला, डाग उजेडाच्या वाटेतून बाजूला गेला. मग वाट जुळवायची. हे काम म्हणजे शुद्ध चिकाटी. आरशावर कागदी टेप चिकटवायचा, उजेडाचा एक ठिपका सोडायचा, तो मध्यावर पडला का पाहायचं, मागचे स्क्रू केसभर फिरवायचे, पुन्हा टेप, पुन्हा ठिपका. निकिता टेप लावत होती, मी स्क्रू फिरवत होतो, चाचा लांबून सांगत होते, “आजून डावीकडे.” त्यांना ठिपका दिसत नव्हता, पण ते बरोबर सांगत होते असं मी धरून चाललो.

दुपारी खोगिराची पाळी लावली. उजेड चालू लागला. या वेळी रेघ काळी होऊन तशीच राहिली नाही, तिच्याखालून जाळीवर ठिणग्यांची बारीक रांग दिसू लागली. म्हणजे आरपार. पोरं गोळा झाली, काल ‘घोड्याचं सामान कशाला’ म्हणणाराही. मी उठलो नाही, डोळा हलवला नाही, दुधाजवळ बसावं तसा बसलो. यंत्र थांबलं, झाकण उघडलं, चाचांनी डाव्या हाताने पाळीचं टोक धरून उचललं, आणि कापलेली पानं एकामागून एक टपटप जाळीवर गळली. वर राहिली ती वेल. वाकलेली, लाजलेली, एक पान दुसऱ्याच्या मागे लपलेलं.

कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. चाचांनी पाळी उजेडाकडे धरली आणि तिच्यातून आमच्याकडे पाहिलं.

“जित्ती शे,” ते म्हणाले.

पुढचे दिवस त्यांचे होते. भिजवणं, ठोकणं, मखमल लावणं, शिवणं. टाका थरथरला की उसवत आणि पुन्हा घालत. दुमचीला मात्र दुसरं चामडं नव्हतं, म्हणून तोच जळका पट्टा त्यांनी काठ आत दुमडून वापरला. एक रेघ तरीही बाहेर राहिली. आजही ते खोगीर दिसलं की सगळ्यांची नजर वेलीवर जाते आणि माझी घोड्याच्या शेपटीखाली.

जत्रेला मी सुनंदाला मुद्दाम घेऊन गेलो. तापीकाठी धूळ, घुंगरं, भज्यांचा वास आणि जिकडे पाहावं तिकडे घोडे. भरतभाईंचा पांढरा घोडा चाल दाखवायला निघाला आणि मला कळलं की वेल हलते म्हणजे काय. प्रत्येक पावलाला नव्या चामड्यातून लाल मखमल चमकत होती आणि पानं वाऱ्यावर असावीत तशी सळसळत होती. लोक घोड्याचे फोटो काढता काढता जवळ येऊन खोगिराचे काढायला लागले. तयार सामान विकणारा एक परगावचा व्यापारी रिंगणाच्या दोरीखालून आत आला, पाळी उलटून खालून पाहिली, नखाने काठ चाचपला.

“हाथ का है या मशीन का?”

हमीदचाचा इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात उभे होते. म्हणाले, “दोन हात मन्हा, एक मशीनना, आनि अर्धा मास्तरना.”

“आधा क्यों?”

“बाकीना अर्धा कुंकूमा भरेल व्हता.”

भरतभाईंनी तिथेच सांगून टाकलं की पुढच्या घोड्याचंही चाचांनीच करायचं. आणखी दोघांनी चाचांचा पत्ता विचारला. एकाने तर मला विचारला, आणि मी काय सोडतो? आरशाची सगळी कथा ऐकवली. बिघाड कसा कोणालाच सापडेना, मी कसा एकेक भाग मनातल्या मनात तपासत गेलो, आणि कसं एकदम लक्षात आलं की चाप चौकोनी असतो. बरेच जण जमले होते. सुनंदा शेजारी भाजलेल्या शेंगा सोलत शांतपणे ऐकत होती.

परतताना मोटारसायकलवर ती मागे बसून उरलेल्या शेंगा खात होती. ती एरवी अहिराणीत बोलते, पण टोमणा मारायचा असला की शाळेतल्या बाईंसारखी शुद्ध मराठी काढते, म्हणून मी कान मागेच ठेवले होते. शहादा दिसायला लागलं तसं मीच विचारलं, “कसं वाटनं मग? तुन्हा नवरानं काम?”

“छान झालं,” ती म्हणाली. शुद्ध मराठीत. “पण एक मला कळलं नाही. मशीनला तुम्ही कुंकू लावलं, ती दिवाळी संपेस्तोवर बंद पडली. लग्नात मलाही तुम्हीच लावलं होतं. मी एक दिवस तरी बंद पडले का?”